पिंग लागला, तरी गुण गेले: सीसीआयई लॅब परीक्षेचे एक प्रकरण

सीसीआयई म्हणजे सिस्को या नेटवर्क-उपकरणांच्या कंपनीचे अभियंत्यांसाठीचे तज्ज्ञ पातळीचे प्रमाणपत्र. त्याच्या लॅब परीक्षेत नापास झालेल्या उमेदवाराच्या हाती जो निकाल पडतो, त्यात कोणता प्रश्न चुकला हे कुठेही लिहिलेले नसते. अभ्यासक्रमाच्या विभागांपुढे टक्केवारी दिलेली असते आणि त्यावरून पुढचे ज्याचे त्याने ताडायचे असते. या प्रकरणातील उमेदवाराचा पहिल्या खेपेचा निकाल पाहून आम्ही दोघेही चक्रावलो, कारण ज्या विभागाच्या भरवशावर तो परीक्षेसाठी बेंगळुरूला गेला होता, नेमका तोच तळाला होता. स्विचिंग आणि राउटिंग (जाळ्यात माहितीला वाट दाखवणे), म्हणजे ज्या कामावर त्याचे कित्येक वर्षे घर चालले, त्यात सर्वांत कमी गुण होते. आणि पायथन, नेटकॉन्फ, रेस्टकॉन्फ या ऑटोमेशनच्या (यंत्रे प्रोग्रामने चालवण्याच्या) विषयांत, ज्यांना त्याने परीक्षेची तयारी सुरू केल्यावरच पहिल्यांदा हात लावला होता, सर्वांत जास्त. येथे मांडायचा प्रश्न एवढाच आहे, की असे का झाले आणि त्यावर काय केले.

उमेदवाराच्या तयारीत मी मार्गदर्शक म्हणून सहभागी होतो. त्याची ओळख पटू नये म्हणून नोकरीचे काही तपशील बदलले आहेत. परीक्षेतील प्रश्न बाहेर न सांगण्याच्या कराराला प्रत्येक उमेदवार बांधलेला असतो, त्यामुळे पुढे आलेली सर्व तांत्रिक उदाहरणे आमच्या सरावातील आहेत. परीक्षेत काय आले, हे त्याने मला सांगितले नाही आणि मी विचारलेही नाही.

परीक्षेचे स्वरूप

सिस्कोने सीसीआयई सुरू केली ती १९९३ मध्ये. उत्तीर्ण होणाऱ्यांना जो क्रमांक मिळतो त्याची गणना १०२४ पासून सुरू होते, पण तो पहिला क्रमांक कोणा माणसाला न देता खुद्द लॅबलाच देण्यात आला. सुरुवातीला ही लॅब दोन दिवस चालत असे. २००१ पासून ती एका दिवसाची, आठ तासांची झाली. आज एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर या शाखेत लॅबला बसण्यासाठी आधी ३५०-४०१ एन्कोर ही दोन तासांची संगणकीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते आणि त्यानंतर तीन वर्षांच्या आत लॅबचा प्रयत्न करता येतो. लॅबची फी १६०० डॉलर आहे. करांसकट हा आकडा रुपयांत सव्वा लाखाच्या बराच वर जातो आणि नापास झाल्यास पुन्हा तेवढीच रक्कम भरावी लागते. कंपनी फी देत असेल तर ठीक, पण या उमेदवाराची कंपनी उत्तीर्ण झाल्यावरच परतावा देणारी होती, ही गोष्ट पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मागे होती.

लॅबचे दोन भाग असतात. पहिला तीन तासांचा, डिझाइनचा: त्यात एकाही राउटरला हात लावता येत नाही, एका काल्पनिक कंपनीची कागदपत्रे, नकाशे आणि ईमेल वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात, आणि एकदा पुढे गेले की मागच्या प्रश्नाकडे परतता येत नाही. दुसरा भाग पाच तासांचा: त्यात प्रत्यक्ष जाळे उभारायचे, चालवायचे आणि सुधारायचे असते. एकूण गुणांची एक मर्यादा ओलांडावी लागतेच, शिवाय प्रत्येक भागात किमान गुणही मिळवावे लागतात, म्हणजे एका भागातील भरघोस कमाई दुसऱ्या भागातील तूट भरून काढू शकत नाही. अभ्यासक्रमात नेटवर्क इन्फ्रास्ट्रक्चरला ३० टक्के, सॉफ्टवेअर-डिफाइन्ड इन्फ्रास्ट्रक्चरला २५ टक्के आणि ट्रान्सपोर्ट, सुरक्षा व सेवा, तसेच ऑटोमेशन या तिघांना प्रत्येकी १५ टक्के भार आहे. सर्वांत जड विभागात सर्वांत कमी गुण पडणे म्हणजे काय, हे यावरून लक्षात येईल.

उमेदवार

पुण्यात हिंजवडीला एका सेवा पुरवणाऱ्या कंपनीत तो वरिष्ठ नेटवर्क अभियंता होता. परदेशातील ग्राहकांच्या जाळ्यांची देखभाल हे त्याचे काम. रात्री दोनला फोन आला की लॅपटॉप उघडायचा, वीस मिनिटांत बिघाड शोधायचा, ग्राहकाकडून होकार घ्यायचा आणि तिकीट बंद करायचे. या कामात तो फार वाकबगार होता. मी त्याला जवळून काम करताना पाहिले आहे: बीजीपीची (मोठ्या जाळ्यांमधील राउटिंगच्या प्रोटोकॉलची) नेबरशिप, म्हणजे दोन राउटरांमधील जोडणी, का तुटली हे तो इतरांनी लॉग उघडेपर्यंत सांगून मोकळा होत असे.

तयारीची साधने त्याने बेताने जमवली. लॅमिंग्टन रोडवरून जुना रॅक सर्व्हर आणला, त्यात मेमरी वाढवून घेतली आणि त्यावर ईव्ह-एनजी हे आभासी जाळ्यांचे सॉफ्टवेअर चालवून आभासी राउटरांची टोपोलॉजी, म्हणजे जोडण्यांची रचना, उभी केली. राउटिंग, डीएमव्हीपीएन (शाखांना जोडणारे खासगी बोगदे), एमपीएलएस (सेवादात्यांचे लेबलांवर चालणारे जाळे) एवढ्यापुरता हा सर्व्हर पुरून उरत असे. एसडी-वॅनचे, म्हणजे शाखांच्या जोडण्या सॉफ्टवेअरने एका ठिकाणाहून चालवण्याच्या पद्धतीचे, कंट्रोलर आले की तो धापा टाकू लागे. कॅटलिस्ट ९००० चा एकेक आभासी स्विचच सोळा-अठरा जीबी मेमरी मागतो आणि डीएनए सेंटर (सिस्कोचे जाळे चालवण्याचे सॉफ्टवेअर, आताचे कॅटलिस्ट सेंटर) तर घरच्या यंत्रावर चालवण्याचा विचारच सोडून द्यावा लागतो. त्यासाठी त्याने तासांच्या भाड्याने मिळणारी दूरस्थ लॅब घेतली. सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज इतका होता की तो बंदिस्त गॅलरीत ठेवावा लागला. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार ठरलेला, गुरुवार; इन्व्हर्टरवर सर्व्हर ओढणे परवडत नाही, म्हणून गुरुवार हा वाचनाचा दिवस ठरला. यात गंमत अशी की पुढे डिझाइनच्या भागात जो काही हात त्याला लाभला, त्यातले बरेचसे या सक्तीच्या गुरुवारांनी दिले.

तयारीच्या काळात त्याला दोन-तीन ठिकाणांहून ‘खऱ्या लॅबची’ फाइल देऊ करण्यात आली होती. फुटलेल्या प्रश्नांची उत्तरांसकट पाठांतर करून उत्तीर्ण होणाऱ्यांची वदंता या परीक्षेभोवती जुनीच आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. त्याने फाइल घेतली नाही. नीतीचा प्रश्न तर आहेच, पण व्यवहारातही हा मार्ग तोट्याचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे: टास्कमधील एक अट बदलली की पाठ केलेले उत्तर बरोबर दिसते आणि चूक असते, आणि पाठांतर करणाऱ्याजवळ ते ओळखण्याचे साधनच नसते.

पहिली खेप

सिस्कोचे बेंगळुरूचे केंद्र बाह्य वर्तुळाकार रस्त्यावर कडुबीसनहळ्ळीच्या सेसना बिझनेस पार्कमध्ये आहे. सकाळच्या त्या रस्त्यावरील वाहतुकीचा धोका पत्करण्यात अर्थ नसल्याने तो आदल्या दिवशीच चालत जाता येईल अशा अंतरावर उतरला. प्रवास, निवास, झोप या बाबतीत काहीच बिघडले नाही. डिझाइनचा भाग आवाक्यात वाटला. दुसऱ्या भागात एका टास्कवर पाऊण तासाहून अधिक वेळ गेला, तो सुटला, आणि त्यानंतर त्याने वेग वाढवून बाकीचे जवळजवळ सगळे संपवले. बाहेर पडल्यावर त्याने मला फोनवर सांगितले, “सर, एखाददुसरं सोडलं तर सगळं चालू होतं. निघताना सगळीकडून पिंग लागत होता.”

पिंग म्हणजे दुसऱ्या यंत्राकडे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणे. निकालाने हे वाक्य खोटे ठरवले नाही. सगळीकडून पिंग लागत असणार, यावर माझा आजही विश्वास आहे.

एका टास्कची चिरफाड

निकालानंतर आम्ही सिद्धांताची उजळणी केली नाही, कारण त्याला सिद्धांत येत होता. मी एक टास्क लिहून दिला, त्याने तो माझ्यासमोर सोडवला आणि मी फक्त पाहत राहिलो. हा प्रसंग सविस्तर देतो, कारण सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे.

टोपोलॉजीच्या एका अंगाला शाखांचे जाळे होते, त्यात ईआयजीआरपी, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवण्याचा एक प्रोटोकॉल. दुसऱ्या अंगाला मुख्यालय, त्यात ओएसपीएफ हा तसाच दुसरा प्रोटोकॉल. आणि दोहोंच्या सीमेवर आर-१ व आर-२ असे दोन राउटर. टास्कमध्ये तीन अटी होत्या. शाखांची सर्व नेटवर्क मुख्यालयाला आणि मुख्यालयाची शाखांना दिसली पाहिजेत. सीमेवरच्या कोणत्याही एका राउटरची शाखांकडची लिंक पडली तरी संपर्क टिकला पाहिजे. आणि सीमेवरच्या राउटरने आपली लिंक चालू असताना शाखांकडे जाण्यासाठी मुख्यालयातून वळसा घेता कामा नये.

दोन्ही राउटरांवर दोन्ही दिशांनी रीडिस्ट्रिब्यूशन, म्हणजे एका प्रोटोकॉलमधील रूट (वाटा) दुसऱ्यात सोडणे, केले की जो धोका उभा राहतो, तो त्याला ठाऊक होता: आर-१ ने ओएसपीएफमध्ये सोडलेला रूट आर-२ परत ईआयजीआरपीत ढकलतो आणि लूप होतो, म्हणजे पॅकेट गोल फिरत राहते. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे टॅग, रूटवरची एक खूण. ईआयजीआरपीकडून ओएसपीएफकडे जाताना रूटवर एक टॅग लावायचा आणि परतीच्या दिशेला तो टॅग असलेला रूट ‘रूट-मॅप’ या नियमांच्या यादीने अडवायचा. त्याने हे अर्ध्या तासाच्या आत बिनचूक लिहिले, दोन्हीकडच्या टोकांवरून पिंग केला, सर्व ठिकाणांहून उत्तर आले आणि तो पुढच्या टास्ककडे वळला.

मी त्याला थांबवून आर-२ वरचे राउटिंग टेबल उघडायला सांगितले. शाखांची झाडून सारी नेटवर्क ईआयजीआरपीतून आलेली होती, एक सोडून. त्या एका नेटवर्कपुढे ‘ओ ई-२’ असे लिहिलेले होते, म्हणजे ते ओएसपीएफमध्ये बाहेरून आलेले होते आणि आर-२ त्या शाखेकडे जाण्यासाठी मुख्यालयातून आर-१ कडे आणि तेथून खाली उतरत होता. तिसरी अट पहिल्या मिनिटापासूनच मोडलेली होती आणि पिंगला त्याचे काहीच सोयरसुतक नव्हते, कारण वळसा घेऊन का होईना पॅकेट पोहोचत होते.

एकच नेटवर्क का? कारण त्या शाखेच्या राउटरवर ते स्थिर (हाताने लिहिलेला) रूट म्हणून होते आणि तेथून ईआयजीआरपीत रीडिस्ट्रिब्यूट केलेले होते. ईआयजीआरपीच्या अंतर्गत रूटचा ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (ज्याचा लहान, तो रूट निवडला जातो) ९०, बाहेरून आलेल्याचा १७० आणि ओएसपीएफचा ११०. अंतर्गत रूट ९० विरुद्ध ११० असे सहज जिंकतात. बाहेरून आलेला तो एकटा १७० विरुद्ध ११० असा हरतो. टॅगमुळे लूप टळतो, पण टॅग डिस्टन्सची तुलना बदलत नाही.

यानंतर मी आर-१ ची शाखांकडची लिंक बंद करून पुन्हा चालू करायला सांगितली. आता आर-२ च्या टेबलमध्ये ते नेटवर्क ईआयजीआरपीतून आले होते आणि वळसा आर-१ घेऊ लागला होता. लिंक पडल्यावर आर-१ ने आपली जाहिरात मागे घेतली, आर-२ ने खालचा रूट उचलून ओएसपीएफमध्ये सोडला, आणि लिंक परत आली तेव्हा आर-१ जवळ आधीच ११० चा रूट बसलेला असल्याने त्याने १७० कडे ढुंकूनही पाहिले नाही. कॉन्फिगरेशनमधील एक अक्षरही बदलले नव्हते. कोण आधी उठला एवढ्यावर जाळ्याचे वागणे ठरत होते. असा टास्क तपासणाऱ्याने यंत्रे कोणत्या क्रमाने सुरू केली, यावर आपले गुण अवलंबून ठेवणे म्हणजे जुगार आहे.

दुरुस्तीकडे वळताना त्याने आधी आर-१ व आर-२ वर ओएसपीएफच्या सर्व बाह्य रूटचा डिस्टन्स १८० केला. वळसा गेला, पण उलट्या अंगाला नवा उगवला: मुख्यालयात खरोखरच बाहेरून आलेले जे रूट होते, ते आर-१ ने ईआयजीआरपीत सोडल्यावर आर-२ कडे १७० ने पोहोचत होते आणि आता १८० ला हरवत होते. मग त्याने टॅग असलेले रूट ओएसपीएफमधून टेबलमध्ये शिरूच नयेत असा डिस्ट्रिब्यूट-लिस्टचा, म्हणजे गाळणीचा, बंदोबस्त केला. वळसे दोन्हीकडचे गेले. पण आर-१ ची शाखांकडची लिंक बंद करताच त्याच्याकडे शाखांचा एकही रूट उरला नाही, कारण आर-२ ने दिलेला पर्यायी रूट तो स्वतःच फेकून देत होता; म्हणजे दुसरी अट मोडली. शेवटी त्याने प्रत्येक सीमा-राउटरवर, दुसऱ्या सीमा-राउटरच्या आयडीकडून आलेल्या आणि ॲक्सेस-लिस्टमध्ये नोंदवलेल्या शाखांच्या नेटवर्कपुरताच डिस्टन्स १८० केला. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या, लिंक कितीही वेळा पाडली तरी.

हे तिन्ही उपाय त्याला माहीत होते. कोणता कोठे मोडतो, हेही त्याने विचारल्याबरोबर सांगितले असते. मुद्दा असा की त्याने स्वतःला ते विचारलेच नाही.

निदान

त्याच्या नोकरीत काम संपल्याची खूण एकच होती: तक्रार थांबली. ग्राहक म्हणाला चालू झाले, की चालू झाले. रात्री दोनच्या बिघाडात हे योग्यच आहे. तेथे वळसा घेणारे पॅकेटही पोहोचलेले हवे असते आणि उरलेले सकाळी पाहता येते. लॅबमध्ये तक्रार करणारे कोणीच नसते. तेथे टास्कचा मजकूर असतो आणि त्यातील प्रत्येक अट पुरी झाली की नाही, एवढेच पाहिले जाते. सगळ्या अटी पाळल्या तरच त्या टास्कचे गुण आपले, असे धरून चालणेच शहाणपणाचे असते.

मग ऑटोमेशनमध्ये त्याला जास्त गुण का? हा उलगडा त्याच्या सरावाच्या वह्या चाळताना झाला. पायथनची स्क्रिप्ट लिहिताना तो दर चार ओळींनी ती चालवून पाहत असे, जेसन या मजकुराच्या साच्यात काय परत आले ते पूर्ण वाचत असे, ईईएमचा ॲप्लेट, म्हणजे एखादी घटना घडताच राउटरवर आपोआप चालणारी आज्ञावली, लिहिला की ती घटना मुद्दाम घडवून आणून ॲप्लेट जागा होतो का ते बघत असे. या विषयात त्याचा स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून तो तपासत होता. राउटिंगमध्ये भरवसा होता, म्हणून तपासणी पिंगवर येऊन थांबली होती. अनुभवी लोक या परीक्षेत आपल्याच विषयात का अडखळतात, याची जी कारणे सहसा दिली जातात, म्हणजे अभ्यासक्रम बदलला, वय वाढले, वेळ मिळाला नाही, त्यापेक्षा मला हे कारण अधिक पटते.

डिझाइनचा भाग

येथेही तीच सवय वेगळ्या रूपात होती, पण नुकसान कमी होते. सरावासाठी मी एका काल्पनिक विमा कंपनीचे प्रकरण लिहिले होते. शाखांचा कारभार एमपीएलएसवर, तंत्रज्ञान प्रमुखाला एसडी-वॅन हवे, आणि चौथ्या ईमेलमध्ये वित्त विभागाची एक ओळ: सध्याच्या सेवादात्याशी झालेला करार अजून दोन वर्षे मोडता येणार नाही. एसडी-वॅन कोणत्या वाहकांवर उभारावे, या प्रश्नाला त्याने दोन इंटरनेट जोडण्या हे उत्तर निवडले, कारण प्रत्यक्षात तो ग्राहकाला हेच सुचवत आला होता. कागदपत्रांनुसार उत्तर होते एमपीएलएस आणि त्याच्या जोडीला इंटरनेट. प्रत्यक्षातील त्याचा सल्ला कदाचित अधिक स्वस्त आणि चांगलाही असेल, पण प्रश्न त्याच्या ग्राहकाविषयी नव्हता.

उपाय साधा होता. प्रत्येक कागद वाचताना वहीत तीन रकाने आखायचे: काय हवे आहे, काय करायला बंदी आहे, आणि हे कोणी कोणत्या कागदात म्हटले. नंतरचा ईमेल आधीची अट बदलत असेल, तर जुनी ओळ खोडायची. उत्तर निवडण्यापूर्वी त्या उत्तराला आधार देणारी ओळ वहीत दाखवता आली पाहिजे. ती नसेल तर उत्तर आपल्या डोक्यातून आले आहे असे समजायचे. मागे फिरण्याची सोय नसल्यामुळे ही नोंद अधिकच उपयोगी पडते. गुरुवारच्या वाचनामुळे लांब मजकूर शांतपणे वाचण्याचा सराव त्याला होताच.

तयारीत केलेला बदल

दुसऱ्या खेपेच्या तयारीत नवा विषय जवळपास एकही घेतला नाही. बदलला तो टास्क सोडवण्याचा क्रम. कीबोर्डला हात लावण्याआधी त्याने टास्कमधील प्रत्येक अटीपुढे ती पुरी झाल्याचे कोणत्या शो कमांडने (यंत्राची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेने) कळेल आणि त्या आउटपुटमध्ये नेमके काय दिसले पाहिजे, हे लिहायचे. सुरुवातीला याला इतका वेळ जाई की तो वैतागत असे. “असं लिहीत बसलो तर निम्मी लॅब राहील,” असे त्याने मला सुनावलेही. पण उत्तर आधी लिहिल्यामुळे कॉन्फिगरेशनचा मार्गही आधीच ठरू लागला आणि मध्येच मागे फिरून खोडाखोड करणे कमी झाले. वरच्या उदाहरणात ‘आर-१ व आर-२ वर शाखांच्या प्रत्येक नेटवर्कपुढे डी किंवा डी ईएक्सच दिसले पाहिजे’ (या दोन्ही ईआयजीआरपीच्या खुणा) एवढी ओळ आधी लिहिलेली असती, तर टॅगवर थांबणे त्याला जमलेच नसते.

‘पडले तरी’, ‘नसताना’, ‘ऐवजी’ असे शब्द टास्कमध्ये आले की तेथे खूण करायची आणि शेवटी ती लिंक प्रत्यक्ष बंद करून, पुन्हा चालू करून पाहायची, हा दुसरा नियम. सरावाच्या दिवशी सर्वांत शेवटी कॉन्फिगरेशन साठवून सगळी यंत्रे एकदम रीबूट करायची आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची. पहिल्या काही वेळा रीबूटनंतर काही ना काही मोडलेले निघाले: कुठे साठवायचे राहिलेले, कुठे क्रमावर अवलंबून असलेला रूट, एकदा तर ओएसपीएफचा राउटर-आयडीच बदललेला, कारण तो हाताने न देता सर्वांत मोठ्या लूपबॅकवर (राउटरच्या आभासी इंटरफेसच्या पत्त्यावर) सोडला होता आणि पुढच्या एका टास्कमध्ये त्याहून मोठा लूपबॅक आला होता.

वेळेचे गणितही बदलले. पाच तासांपैकी पहिला थोडा वेळ सगळे टास्क वाचून कोणता कशावर अवलंबून आहे हे मांडण्यासाठी, आणि शेवटचा पाऊण तास केवळ तपासणीसाठी, असा राखून ठेवला. एखाद्या ठिकाणी पंधरा मिनिटांत प्रगती नसेल तर खूण करून पुढे जायचे. मात्र त्या टास्कवर इतर टास्क उभे असतील तर हा नियम लागू नाही. अंडरले (खालचे मूळ जाळे) चालत नसताना ओव्हरलेकडे (त्यावर उभारलेल्या आभासी जाळ्याकडे) जाण्यात हशील नसते. हा अपवाद अनेक जण विसरतात आणि मग शेवटच्या तासात सगळाच डोलारा पडलेला सापडतो.

टास्क लिहिण्याचे काम त्याच्याकडून पूर्णपणे काढून घेतले. स्वतः लिहिलेल्या टास्कमधील अट माणूस स्वतःच्या सोयीने वाचतो. माझ्याखेरीज त्याच्या कंपनीतील दोघे सहकारी दर आठवड्याला टास्क लिहीत आणि त्यात एखादी निरुपद्रवी दिसणारी ओळ घालीत. त्यांपैकी एक जण नुकताच कामाला लागलेला होता आणि त्याचे टास्क सर्वांत त्रासदायक निघाले, कारण नेहमी काय अपेक्षित असते याची त्याला कल्पनाच नव्हती.

दुसरी खेप आणि त्यानंतर

दुसऱ्या खेपेला तो पुन्हा त्याच ठिकाणी उतरला. दुसऱ्या भागात यावेळी एक टास्क त्याने जाणूनबुजून सोडून दिला आणि तो वेळ तपासणीला दिला. पहिल्या खेपेला हे त्याच्या हातून झाले नसते. तपासणीच्या वेळेत त्याला आपल्याच तीन चुका सापडल्या, एवढेच त्याने सांगितले. तो उत्तीर्ण झाला आणि त्याला क्रमांक मिळाला.

केलेल्या बदलामुळेच तो उत्तीर्ण झाला, असे सिद्ध करता येत नाही. उत्तीर्ण झालेल्याला विभागवार टक्केवारी मिळत नाही, त्यामुळे राउटिंगचा विभाग तळातून किती वर आला हे निकालावरून कळण्यास मार्ग नाही. दोन खेपांच्या मधल्या काळात त्याचा सरावही वाढला होता आणि परीक्षेच्या खोलीचे नवखेपणही गेले होते. या दोन्हींचा वाटा मी नाकारत नाही. माझ्याजवळ आधार आहे तो त्याच्या सरावाच्या वह्यांचा. पूर्वीच्या पानांवर टास्कपुढे फक्त ‘झाले’ असा शेरा आहे. नंतरच्या पानांवर अटींच्या ओळी, त्यांच्यासमोर अपेक्षित आउटपुट आणि रीबूटनंतर मोडलेल्या गोष्टींची यादी आहे, आणि ती यादी परीक्षेच्या तारखेकडे येता येता आखूड होत गेलेली दिसते.

प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे. ते टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षा देता येते किंवा सतत शिक्षणाचे १२० क्रेडिट जमवता येतात. त्याने दुसरा मार्ग निवडला आहे. कंपनीने फीचा परतावा दिला, तो एकाच खेपेचा.